झडती

ओबुआसीच्या दवाखान्यातलं घड्याळ
चार मिनिटं पुढे आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.
अदुसेईनं नातीचं टोचलेलं बोट धरून ठेवलंय.
टेबलावर पांढरी पट्टी: रक्ताचा एक थेंब,
वर द्रावाचे दोन. आता पंधरा मिनिटं थांबायचं.

अफ्राकुमाचं अंग तव्यासारखं.

पहिली रेष उमटते, गुलाबी, हमखास उमटणारी.
दुसरीच्या जागी अजून काहीच नाही.
बोलायला काहीतरी हवं म्हणून
नर्स सेरवा म्हणते, "बाबा, हे सोनं आहे बरं का."

तो हसतो. एकतीस वर्षं खाणीत, खाली, उकाड्यात.
"पोरी, सोनं मला नको शिकवूस.
दगडात पिवळं, दातात पिवळं."

"इतकं बारीक केलं," ती म्हणते,
"की केसाच्या रुंदीत दोन हजार कण ओळीनं मावतील,
तर ते हिरवा उजेड गिळून बसतं
आणि लाल तेवढा परत करतं.
कणाकणावर पहारेकरी चिकटवलेत.
ज्याच्या हाती हिवतापाची खूण लागते
तो कण त्या रेषेवर अडकतो."

म्हणजे झडतीच की.

झडती त्याला कळते.
पाळी संपली की लोखंडी दारापाशी हात वर:
जीभ उचल, केस विंचर, नखं दाखव,
पायाच्या बोटांतली माती झाड.
एकतीस वर्षांत गुंजभरही आलं नाही त्याच्यासोबत बाहेर.
खोकला आला, तो कुणी अडवला नाही.

गुंज. आजोबांच्या पितळी वजनांच्या डबीत
त्याही असायच्या, लाल अंगाच्या, काळ्या डोळ्याच्या;
इकडे त्यांना दम्मा म्हणतात.
तेव्हा सोनं तोलायला लाल बी,
आता सोनंच लाल.

मग दुसरी रेष.
आधी नुसती शंका, मग रेष.

"गोळ्या तीन दिवस, पोटात काहीतरी घालूनच.
एकही चुकवायची नाही."
"आणि ही पट्टी? घरी नेऊ?"
"रक्त आहे बाबा तिच्यात. जाळायची असते."
पिवळ्या डब्याचं झाकण वाजतं.
आत जे पडलं ते तोलायला
कुठल्या झाडाला बी येत नाही.

फाटकाशी पहारेकरी नाही,
कागद चघळणारी एक शेळी.
तरी म्हाताऱ्याचे दोन्ही हात
आपसूक वर जातात.

आजोबा उचलून घेणार असं वाटून
अफ्राकुमाही आपले वर करते.