बाकी

मार्सेयच्या उत्तरेला, सतरा मजली इमारतीच्या तळाशी,
पूर्वी जिथे सायकली ठेवत,
तिथे आमची खोली.
मंगळवार, गुरुवार. साडेचार ते साडेसहा.
दारावरच्या पाटीतलं एक अक्षर वाऱ्यानं नेलं;
मुलं ते खडूनं भरतात,
दर वेळी वेगळं.

एकतीस वर्षं मी बंदरावर वजनांच्या नोंदी केल्या.
आता पोरांचे हातचे सांभाळते.
कुणी एक विसरतं, कुणी दोन जास्तीचे घेतं,
फैसोइल तर हातचा खरोखरच मुठीत धरून बसतो,
घाम फुटेपर्यंत.
लिफ्ट बिघडली की गर्दी वाढते :
चौदा मजले चढण्यापेक्षा भूमिती परवडली.
बिस्किटं सहा वाजता.
त्यांच्यासाठी येतो असं कुणीच कबूल करत नाही.
मीही नाही.

नसुरिया अकरा वर्षांची.
दप्तर पाठीवर नाही, पोटाशी धरते.
त्या गुरुवारी तिनं वहीऐवजी एक पाकीट काढलं,
कडेनं नीट फाडलेलं.
"आज हाच गृहपाठ."

घरभाड्याची थकबाकी.
तिची आई कोमोरी बोलते, फ्रेंच समजते,
पण सरकारी फ्रेंच कुणाला येतं?
मलाही दोनदा वाचावं लागलं.
बाराशे नव्वद युरो. नऊ हप्ते मंजूर,
लेखी कळवल्यास.

"म्हणजे भागाकार," ती म्हणाली,
आणि पेन्सिलीला टोक काढत बसली
किती तरी वेळ.

नऊ एके नऊ. उरले तीन.
नऊ चोक छत्तीस. उरले तीन.
नऊ त्रिक सत्तावीस.
"पुन्हा तीनच!"
एवढ्या मोठ्यानं, की शेजारच्या टेबलावरचा
इतिहास थांबला.

एकशे त्रेचाळीस. बाकी तीन.
"शाळेत बाकी बाजूला लिहितात
आणि पुढचं गणित घेतात.
ह्या तिनांचं काय करायचं?"

असे तीन मी जन्मभर
'किरकोळ' नावाच्या रकान्यात ढकलत आले.
तसं तिला सांगितलंही.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
बंदरावर वरिष्ठांनीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं तसं.
"पहिल्याच महिन्यात देऊन टाकू.
मग कुणी विचारायला नको."

पत्र तिच्या अक्षरात.
'कृपया' तिनं दोनदा लिहिलं, एक खोडलं,
मग खोडलेलंच बरं होतं म्हणाली.

साडेसहाला आई आली, दुसऱ्या कामावर जाण्याआधी.
हातांना फरशीच्या औषधाचा वास.
सही केली हळूहळू,
होडी धक्क्याला लावावी तशी,
कुठे घासू न देता.
मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलली.
"विचारतेय," नसुरिया म्हणाली, "तुम्हाला किती द्यायचे?"
मी बिस्किटांचा डबा शोधू लागले.
डबा समोरच होता.

पत्राला उत्तर आलं की नाही, मी विचारलं नाही.
पाच आठवडे ती कोपऱ्यात बसून
लहान अनफानला घड्याळ वाचायला शिकवत होती.

परवाच्या मंगळवारी दप्तरातून वही निघाली.
नुसती वही.
अपूर्णांकांची दहा गणितं,
त्यातली सहा साफ चुकलेली.
"वा," मी म्हणाले, "छान."
"छान? सहा चुकलीत!"
"हो ना," मी खुर्ची ओढली.
"सरक जरा. पहिल्यापासून बघू."