ऋण बाजू

बिल्दुदालुर, डिसेंबर.
उजेड येतो साडेअकराला, आणि आल्या पावली परत.
बाकीचा दिवस गाडीच्या दिव्यांवर.

माझी हायएस सत्त्याऐंशीची.
आधी कोळंबी वाहायची, आता टपाल आणि पाव.
जुने दिवे मोतीबिंदू झाल्यासारखे पिवळे;
परवा हाल्फदानच्या घाटात दगड दिसला
तो चाकाखाली आल्यावर.

म्हणून एलईडी मागवले.
डबीवर लिहिलं होतं, लावा आणि निघा.
लावले.
निघाले नाही.

डावा फडफडतो.
खालचा झोत मागितला तर दोन्ही झोत
अर्धेमुर्धे पेटतात, कुणाचंच मन नसल्यासारखे,
आणि डॅशबोर्डवर वरच्या झोताची निळी खूण
न बोलावता मिणमिणत राहते,
झोपेचं सोंग घेतलेल्या पोराच्या डोळ्यासारखी.

डाव्याचं सोपं निघालं.
कनेक्टर उपसला तर पिनेवर हिरवा गंज,
सदतीस हिवाळ्यांचं मीठ.
नखं घासायच्या कानशीने घासला,
तांब्याचा रंग आला, फडफड थांबली.
मला वाटलं, जिंकले.

निळी खूण मिणमिणतच होती.

फ्यूज बदलला. दुसरा बदलला.
बल्ब उलटसुलट केले, डावा उजवीकडे.
वायरिंगचा नकाशा जपानी भाषेत,
मी तो चित्र म्हणून पाहिला:
नदी, उपनद्या, कुठेतरी समुद्र असणार.
तीन रात्री बोटं बधिर. टपाल तुंबलेलं.
पावाच्या क्रेटवर मांजर.

मग ईस्लेइफुर आला.
तीस वर्षं ट्रॉलरवर वीज सांभाळलेली,
बोलायची काटकसर.
टेस्टरचं टोक मागच्या पिनेला लावलं, पेटला.
मला म्हणाला, झोत बदल. बदलला.
तरी पेटलेलाच. पुन्हा बदलला. तसाच.

"तू धन शोधत बसलीस," तो म्हणाला.
"धन इथे आहेच, दोन्ही झोतांना एकत्र.
ही गाडी ऋण जोडते आणि तोडते."

मी बोनेटखाली वाकून उभी.
म्हणजे इतकी वर्षं
उजेड आधीच दिव्याच्या उंबऱ्यावर येऊन थांबलेला असायचा,
आणि मी दांडा ओढायचे तेव्हा
त्याला फक्त परत जायची वाट मिळायची.

आणि ती निळी खूण?
तिला विझवून ठेवायची जुन्या बल्बची न पेटलेली तार.
दोन्ही टोकांना सारखंच धन, म्हणून ती गप्प.
नव्या दिव्यात तार नाही.
गप्प बसवणारं कुणी उरलं नाही,
म्हणून ती बोलत होती.

बॅटरीपासून नवी जाड वायर ओढली.
दोन रिले. निळ्या खुणेसाठी एक रेझिस्टर,
गव्हाच्या दाण्याएवढा, तारेच्या जागी.
जुन्या वायरींकडे आता निरोप्याचं काम.
मासळीच्या गोदामाच्या भिंतीवर जुन्या झोताची
खडूची रेघ होती, तिच्या बोटभर खाली
नवा झोत उतरवला,
समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून.

तुझं काय देणं लागते, विचारलं.
राईचा पाव, म्हणाला, कडेचा तुकडा.
तिथेच उभ्याने खाल्ला. लोणीसुद्धा नको.

घाटात पांढरा लख्ख रस्ता.
दगड, खांब, खांबांवरचा बर्फ,
एकेक वेगळा, मोजून घ्यावा असा.
मग हळूहळू मंद. मग काहीच नाही.
वायरिंग? पुन्हा?
उतरले.

काचेवर बर्फ साचला होता.
जुने दिवे निम्मी वीज उष्णतेत उधळायचे,
आणि तीच उष्णता काच पुसत असायची.
हे दिवे काही वाया घालवत नाहीत.

आता दर दहा किलोमीटरला थांबते,
हातमोजा काढून
उघड्या तळव्याने पुसते.