इतर

पंपांचं कंत्राट तीस सप्टेंबरला संपतं.
एक ऑक्टोबरला ग्रीस, वर ताडपत्री,
कुलपावर लाखेचं सील,
आणि टॉर्चमधले सेल काढून ठेवायचे,
गळू नयेत म्हणून.
सगळं नियमानुसार. सही माझीच आहे.

अरबी समुद्राला हे कुणी कळवलं नव्हतं.

अकरा डिसेंबर, रात्रीचे पावणेदोन.
वॉर्डाच्या नियंत्रण कक्षात मी आणि गुरव,
गुरव माकडटोपीत.
संध्याकाळी पिवळा इशारा आला होता,
त्याची प्रत काढून मी फलकावर लावली
क्रिकेटच्या वर्गणीच्या यादीशेजारी.
वर्गणी निम्म्यांनी दिली होती.

पहिला फोन वेसाव्याहून. हेमलता टपके.
"बोंबील वलांडीवर आहेत, साहेब, चार दिवसांचा माल,
वारा बांबूच उपटतोय."
मी विचारलं, पाणी किती फूट?
"पाणी नाय रे बाबा, वारा!
तुमच्यात वारा फुटात मोजतात का?"
फॉर्मवर रकाना तेवढाच होता.
मी शून्य लिहिलं.

मग पाऊस आला.
थंडीतला, अंगाला डसणारा,
छत्र्या माळ्यावर गेल्यावर येणारा.
मोगरा नाल्याकाठून फोन, चाळीतून फोन,
शाळेच्या मैदानातल्या मंडपातून एक पोरगा म्हणाला,
आमचा नवरा टेबलावर उभा आहे,
मोजडी हातात धरून,
नोंद घ्या.
घेतली.

पुस्तिका उघडली. एकशे बारा पानं.
जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.
भरतीच्या वेळाही तिथंच संपतात,
जणू पुढे समुद्र रजेवर.
मान्सूनपूर्व असा शब्द आहे आपल्याकडे,
त्याच्या बैठका होतात, चहा होतो, फोटो होतात.
हिवाळापूर्व, मी म्हणून पाहिलं.
गुरव म्हणाला, काय म्हणालात?
काही नाही.

पंपचालक सुभान मुजावर कवठेमहांकाळला निघाला.
"पाहुण्यात आलोय, साहेब. इकडं टिपूर चांदणं पडलंय."
किल्ली?
"भांडारात."
भांडार?
"सकाळी साडेनऊला उघडतंय की."
त्याच्यामागे कुणीतरी पत्ते पिसत होतं,
ते स्पष्ट ऐकू आलं.

तीनला आम्ही हातोडी घेतली.
गुरवनं टोपी कानाखाली ओढली
आणि डोळे मिटून पहिला घाव घातला,
देवापुढे नारळ फोडतात तसा.
सेल नसलेला टॉर्च मी सवयीनं हातात धरून उभा,
उजेड गुरवच्या मोबाइलचा.
पंप दोनदा खोकला, तिसऱ्यांदा नुसताच हलला,
मग एकदम इतका मोठ्यानं सुरू झाला
की समोरच्या इमारतीत दिवे लागले
आणि कुणीतरी ओरडलं, झोपू द्या रे!

नाला उतरला साडेपाचला.
नवरा टेबलावरून कधी उतरला, नोंद नाही.

आठवड्यानं ज्ञापन आलं:
विनापरवाना सील तोडल्याबद्दल
तीन दिवसांत खुलासा करावा.
संगणकावर घटनेचं कारण निवडायचं असतं:
मान्सून. दरड. आग. इमारत कोसळणे. इतर.
मी बराच वेळ इतरवर बोट ठेवून बसलो.

हेमलताबाई स्वतः आल्या, पिशवी घेऊन.
भिजून पुन्हा सुकवलेले बोंबील, काळे पडलेले.
पंचनाम्यात सुक्या मासळीला जागा नव्हती.
"विकायला नाय आणले," त्या म्हणाल्या.
"फायलीत लाव. पुरावा."
मी म्हटलं, असं लावता येत नाही.
"मंग खा."

नवीन सील लागलंय.
लाख तीच, तारीख तीच, एक जून.
मी मात्र सेल परत टॉर्चमध्ये घातलेत.
तसा आदेश नाही.
गळले तर गळले.
पिशवी खालच्या खणात आहे,
खुलासा तिच्याखाली, अर्धा लिहिलेला,
आणि खण उघडला की
गुरव पंखा लावतो, ऐन थंडीत.