नखं

सुपारीची नखं वाढली,
एवढंच इंदिराबाई नन्नावरेनं सांगितलं.
"पेज पिते, शेपूट हालवते, बाकी काई नाई बाप्पा."
पण गावच्या कुत्र्याची नखं वाढत नसतात,
मोहबोडीचा मुरूम ती रोज घासून काढतो.
वाढली, म्हणजे चालणं सुटलं असावं.
किंवा आतून कुणी
नखांना खत घालत असावं.

मी दवाखान्याचा परिचर, श्रेणी दोन.
बैलाची वेसण धरायची,
फ्रीजचं तापमान वहीत लिहायचं, एवढी माझी विद्या.
तरी तिच्या डोळ्यांभोवती दिसलं:
केस झडून गोल कातडी,
राखेनं काढलेला चष्मा.
गळ्याखाली बोटं फिरवली,
बोराएवढ्या गाठी सरकल्या.

घोडाम मॅडम बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "काळा आजार. पुस्तकात आहे, दिवाकर.
आपल्याकडे नाही."
आणि हात धुता धुता, नळाकडे बघत,
"नाही म्हणजे, कुणी शोधला नाही."

फॉर्म काढला.
लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या.
गाय, म्हैस, शेळी, कोंबडी.
कुत्र्याला रकाना नव्हता.
मी 'इतर'वर खूण केली
आणि पेन जरा जोरातच टेकलं.
रक्ताची नळी थर्मासात,
बर्फ कुल्फीवाल्या रज्जाककडचा,
थर्मास सिंदेवाहीहून नागपूरच्या एसटीत,
कंडक्टरच्या पायाशी.

एसटी नागभीडला पोचायच्या आत
बातमी चावडीवर.
"सप्पाच उचला ना कुत्री.
आजार कुत्र्यात, तं ठेवाचे काहाले?"
कुणी तारेचा फासही आणून दाखवला,
नवा होता, चकाकत होता.

मॅडम उठल्या.
"चावून होत नाही हा.
मधे एक माशी लागते, वालुमाशी.
डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी.
आवाज नाही तिला,
धड उडतही नाही, टुणटुण उड्या मारते.
आज कुत्रं मारलं
तर उद्या ती उपाशी निजेल का?
शेजारी कोण निजलंय ते बघेल."

फास खाली आला नाही,
पण हलायचा थांबला.
आणि मग एकेकानं, उगाच बघावं तसं,
भिंतीकडे पाहिलं.

भेगा तिथंच होत्या.
अंगणवाडीच्या, गोठ्याच्या, माझ्याही घराच्या.
आत ओल, शेणाचा चुरा, काळोख.
आशाताई कुंदा चौखे बॅटरी धरायची,
मी माती थापायचो.
तीन दिवसांत चौदा घरं झाली.
मोहबोडीत घरं दोनशे अकरा.

रात्री परतताना इंदिराबाईचं अंगण लागलं.
सरकारी मच्छरदाणी, घरात एकच,
खाली पोत्यावर सुपारी.
बाई बाहेर, पदर तोंडावर ओढून.
जुनी जाळी, औषध कधीच धुऊन गेलेलं,
त्या भोकांतून ही माशी सहज जाते.
मला ठाऊक होतं.
त्या रात्री नाही बोललो.
सकाळी बोललो.
ती म्हणाली, "मंग मले तरी कुठं झोप लागली?"

शेळीचे खूर कापायच्या कात्रीनं
मी सुपारीची नखं कापली.
तिनं हात चाटला.
मी तो धुतला, दोनदा,
आणि धुताना तिच्याकडे बघता आलं नाही.

अहवाल यायचा आहे.
नखं पुन्हा निघालीत.