कोरी बाटली

पहिल्याच दिवशी मोकल सर म्हणाले,
नाक हे उपकरण नाही.
त्याचं कॅलिब्रेशन होत नाही.
सगळा वर्ग हसला. मी जरा उशिरा.
माहुलची आहे मी.
वारा फिरला की आमच्या गल्लीतल्या खिडक्या
एकीमागून एक लागत जातात,
आणि कुठल्या चिमणीचं आज काय चाललंय
हे शाळेची वेणी घालता घालताच कळायचं.
पण ते फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहायचं?

चेंबूरला टायरच्या दुकानावर दोन खोल्या.
कोर्स सहा महिन्यांचा, पांढरा कोट ज्याचा त्याने आणायचा.
चार, सात, नऊ पूर्णांक दोन:
तीन खात्रीच्या पाण्यांत बुडवून
मीटरला रोज सकाळी खरं बोलायची आठवण द्यायची.
लेबल पेन्सिलने, शाई ओघळते.
कॅन आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायचा,
म्हणजे मागचं काही त्याच्या मनात राहत नाही.

इम्तियाझच्या बाटलीत बुडबुडा राहिला.
हा खोटी साक्ष देईल, सर म्हणाले, ओत.
अकरा वेळा ओतलं त्याने.
गोवंडीत त्याच्या अब्बांचा भंगाराचा काटा आहे;
तिथे पाव किलो इकडेतिकडे झालं तर चहा पाजून मिटतं,
इथे चौथ्या दशांशासाठी
पंखा बंद करून श्वास धरायचा.

नळाच्या पाण्यात दोन रसायनं सोडली
की तपकिरी साका खाली बसतो.
तपकिरी म्हणजे प्राणवायू आहे.
हे मला फार आवडलं.
चहाचा रंग, आणि अर्थ श्वास.

मग खाडी.
होडी सरांनी फोनवर ठरवलेली.
वल्ह्यावर बाबा.
मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनीही मला.
प्रशिक्षणार्थी प्रणिता वैती, नावाडी हरेश्वर वैती;
सरांनी यादी वाचली, चष्मा पुसला, म्हणाले, चला, ओहोटी लागेल.

माझ्याकडे कोरी बाटली.
प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी घेऊन जायचं,
खाडीत झाकण उघडायचं, थोडा वेळ बसायचं, लावायचं,
जसंच्या तसं परत आणायचं.
तिने सगळं बघायचं
आणि घरी जाऊन काही सांगायचं नाही.
तिने सांगितलं तर चूक आपली.

तिसरी जागा, नाल्याचं तोंड.
इम्तियाझने बाटली भरली, बुडबुडा नाही.
रसायनं सोडली, बूच लावलं, उलटीपालटी केली.
साका बसला पांढरा.
बाबा वाकून बघत होते.
दुदासारखं झालं गो. चांगलं ना?
सर माझ्याकडे बघू लागले. मीच सांगायचं होतं.
पांढरा म्हणजे काही नाही, बाबा.
काहीच नाही म्हणजे?
श्वास.

त्यांनी वल्हं आडवं ठेवलं.
निवट्या गेल्या तवाच सांगितलेलं मी, ते म्हणाले,
कोनी लिवून नाय घेतलं.

फॉर्मवर साक्षीदाराची एक ओळ असते.
सरांनी पॅड त्यांच्याकडे दिलं.
बाबांनी हात लुंगीला पुसला, परत पुसला,
आणि बँकेत करतात तशी सावकाश,
संपूर्ण नावाची सही केली.
खाली शेऱ्याचा रकाना. वास, असल्यास.
पेन्सिल माझ्या हातात.
असल्यास.
मी लिहिलं: आहे.
मग वेळ, दहा वाजून चाळीस.

धक्क्यावर त्यांना होडीचे आठशे मिळाले.
मोजता मोजता विचारलं, तुला काय देतात गो?
म्हटलं, सध्या सर्टिफिकेट.
ते हसले आणि त्यातली शंभरची नोट
बर्फाच्या खोक्यावर ठेवून गेले.

कोरी बाटली दुसऱ्या दिवशी तपासली.
कोरीच निघाली. सर म्हणाले, शाबास.
होडीत आम्ही सहा माणसं होतो आणि ती.
तेवढी तीच तशी परत आली.