स्टेजवर तीन खुर्च्या

निपाणीत, पाडलेल्या वखारीच्या जागेवर
मंडप माझा होता.
खाली प्लास्टिकच्या दोनशे,
स्टेजवर लाल मखमलीच्या तीन.
ॲडव्हान्स देताना अध्यक्ष म्हणाले,
‘नव्वदी ओलांडलेल्या तिघीच मिळाल्या रे.
पण काय पिढी होती बघ!’

हौसाक्का, सिदव्वा, जैनबी.
तिघींनी तरणेपण तंबाखूच्या चाळणीवर काढलं.
शाल झाली, नारळ झाला,
मग बेळगावचे डॉक्टर माइक घेऊन वाकले,
‘आज्जी, एवढ्या आयुष्याचं गुपित काय?’

‘जोंधळ्याची भाकरी, खर्डा, आन् दीसभर काम,’
हौसाक्का म्हणाली.
‘दवाखाना म्हाईत न्हवता.
चाळीस वर्सं धुरळा खाल्ला की,
काय झालं मला?’
टाळ्या.
सिदव्वानं तेच कन्नडात सांगितलं,
पुन्हा टाळ्या.
जैनबी नुसतीच हसली, तेही लोकांना पटलं.
डॉक्टर म्हणाले, आजची पोरं बघा,
तिशीत बीपीच्या गोळ्या.

मी साउंडच्या पेटीमागे उभा होतो.
माझी आई हौसाक्काच्या शेजारी बसायची,
तोंडाला पदर, पापण्यांवर पिवळी भुकटी.
भाकरी तीच. खर्डा तोच,
दोघींच्या फडक्यात अदलाबदलसुद्धा व्हायची.
दवाखाना तिलाही माहीत नव्हता.
एकेचाळिसाव्या वर्षी, बेंदराच्या आदल्या रात्री,
खोकता खोकता ती भिंतीकडे वळली.
तिच्या आयुष्याचं गुपित
कुणी विचारलं नाही.
माझ्याकडे चार माइक आहेत, दोन बिनवायरचे,
पण तेवढी रेंज कुठल्याच माइकला नाही.

वखार पाडली तेव्हा तिचे पत्रे मी घेतले.
त्यांच्याबरोबर एक हजेरीपट आला.
वरची पानं वाळवीनं नेली, खालची ओलीनं,
मधलं एक वाचता येतं,
मधलं होतं, एवढ्याच पुण्याईवर.
त्यावर सदतीस बायका.
बदलीवाल्या धरल्या नाहीत,
त्यांची नावं लिहायची पद्धतच नव्हती.
आणि चाळणीजवळ झोपवलेली तान्ही पोरं
कुठल्या रकान्यात घालणार?

मोजणं माझा धंदा आहे.
सदतीस मखमली खुर्च्या म्हणजे स्टेज वाढवावं लागेल,
मागची कनात रस्त्यावर जाईल,
नगरपालिकेचा परवाना लागेल.
एक चंपव्वाची, तिला रक्त पडायचं.
एक कोगनोळीच्या गंगूताईची,
ती दुसऱ्या बाळंतपणात गेली.
तायनाकची कशी, ते सांगायला कुणी उरलं नाही.
आणि एका नावाचं पहिलंच अक्षर शिल्लक आहे, ‘बा’.
बायजा, बाळाबाई, बानूबी,
कुणालाही बसवा.

भाषणं संपली. आभार मानले.
हौसाक्काला पायऱ्या उतरवायला
मीच हात दिला.
तिनं माझं मनगट सोडलं नाही.
‘तू सत्यव्वाचा न्हवं?’
‘व्हय.’
ती दम घेत थांबली,
मग जिथं आता पाण्याचे जार ठेवले होते
तिकडे बोट केलं.
‘तितं दार हुतं. मी दारात बसायची.
वारा यायचा जरा.
तुजी आई आतल्या अंगाला.
मुकादमानं पयल्या दिशी जशा बशीवल्या,
तशा बसलो आमी.’
आणि थोड्या वेळानं,
‘माइकवर हे कसं सांगायचं, लेका?’

रात्री टेम्पोत खुर्च्या चढवल्या.
दोनशे आणि तीन.
एकही कमी भरली नाही, एकीचाही पाय मोडला नव्हता.
पोरगं म्हणालं, मालक, बरोबर आहे, निघूया.
मी म्हटलं, थांब जरा,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.