रकाना चौथा

मच्छीमार सोसायटीच्या ठरावाला जोडायचा
तलावकाठाचा तक्ता. रकाने चार:
अनुक्रमांक, ठिकाणाचं नाव, खोली, नावाचा अर्थ.
आसाराम डहारे डोंगा हाकत सांगतो,
मी मांडीवर वही धरून लिहितो.

हा लेकुरवाळा गोटा.
उन्हाळ्यात पाणी उतरलं की
मोठ्याच्या कुशीतून लहान निघतात, एकेक, सात.
सातवा दिसला की गावात माणसं
हळू आवाजात बोलू लागतात.

ती हाकेची पाळ.
तिथून हाक मारली तरच पल्याड पोचते.
चार पावलं इकडे सरकलात,
तर तुमचा आवाज पाणकोंबड्या खातात.

पुढे मुकी. नुसतीच मुकी.
लाट येते नि वाजत नाही.

सरकारी नकाशात एक मरणउंबरा आहे.
आसाराम थुंकतो. "मरळउंबरा, बाबू.
मरळ पिलं काढते तिथं.
नर-मादी दोघंही राखतात,
तवा कोनी जाळं नाही टाकत."
कोण्या जुन्या मोजणीदाराच्या कानात
एक अक्षर फिरलं,
आणि इतकी वर्षं कागदावर तिथं मरण राहिलं,
पाण्यात लालसर पिलांचे झुबके.

तुडुमाजवळची बुडीची खाच.
अर्थ: म्हातारी बुडाली ती जागा.
मी लिहून टाकलं,
तेवढ्यात काठाला देवधान झोडणारी फुलवंता,
त्याची भावजय, तिथूनच ओरडली:
"काऊन खोटं सांगतं गा, आसाराम?
बुडी बुडाली नाही तिथं.
बुडी पोहाले शिकली तिथं, साठीत.
तुयी आजी होती ते.
रातच्याले जाये, आमाले काठावर बसवे राखनीले."

आसारामनं वल्हं पाण्यातच धरून ठेवलं.
"मले तं बुडाली मनूनच सांगतलं होतं."
"कोनं?"
"मानसायनं."

मी खोडलं, वर लिहिलं.
रकाना अरुंद होता, पोहणं मावेना,
समासात गेलं.

शेवटचं ठिकाण सलंगापाशी,
कहूची मुळं पाण्यात उतरतात तिथं.
नाव ढेंढू.
अर्थ?
"बाप मने, मी मनतो."
तुमचा बाप कशावरून म्हणे?
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी पाण्याला ओलं का म्हणून विचारलं.

मग बांबू सोडला खोलीसाठी.
दोन पुरुष, आणि वर एक हात.
तेवढं लिहिलं.
बांबूच्या टोकाला काळा गाळ आला होता,
त्यात एक शिंपला, उघडा.